अजराईलचा आवाज

९ जानेवारी

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी सकाळी मी प्रार्थना आटोपली, चहा गाळला, आणि तो तसाच ठेवून तुला फोन लावला. खिडकीशी उभा होतो. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती. तू फोन उचललास. मी म्हणालो, "ताई, मी बोलतोय." तू म्हणालीस, "कोण आहे?" मी पुन्हा सांगितलं. तू पुन्हा "कोण? कोण आहे?" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. ती बाई रिकामी बादली घेऊन खाली गेली तरी मी तसाच उभा होतो. चहावर साय धरली.

परत लावायचं धाडस झालं नाही. आपल्या माणसाने दोनदा "कोण" म्हटलं की तिसऱ्यांदा नाव सांगायला जीभ रेटत नाही.

लाइन खराब असेल. तसं असलं तर कळव. तुला एक गोष्ट सांगायची होती. ती कागदावर नीट उतरणार नाही, म्हणून फोन केला होता. बाकी ठीक. खोली तीच, कुकर तोच, शिट्ट्या मोजायला मी एकटा.

तुझा,
धाकटा

१७ जानेवारी

धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

लाइनला काय धाड भरलीय. लाइन चांगली होती. झालं असं, की शेजारची म्हातारी माझ्याकडे येऊन बसली होती. फोनमधून तुझा आवाज बाहेर आला आणि तिने हातातली वाटी खाली सोडली. तिला वाटलं, आला तो टीव्हीतला अजराईल, मरणाचा दूत, आपल्यालाच न्यायला. माझी पंचाईत झाली. तिच्यासमोर "बोल रे" कसं म्हणू? म्हणून "कोण, कोण" करून ठेवून दिला. तू मनाला लावून घेतलंस, ते तुझ्या अक्षरावरून कळलं. रागावलास की तुझे काने वाकडे होतात.

तर यापुढे फोन करू नकोस. पत्र लिही. मोबाइलवर लिहायला माझी बोटं चालत नाहीत, आणि कागदावर तुझं मन जास्त कळतं. गिरणीत मागावर उभी असायची तेव्हापासून मला पत्र वाचायची हौस. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा मारायच्या, मी तुझी पत्रं काढून बसायची.

आणि आवाजाचं म्हणशील तर तो मला रोज संध्याकाळी मिळतोच. मालिका लागली की मी ताट घेऊन टीव्हीसमोर बसते. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. तू ते "चला, वेळ झाली" म्हणतोस ना, तेव्हा मला हसूच येतं. बसस्टँडवर नोकरीला होतास तेव्हा भोंग्यातूनही तू हेच सांगायचास. तेव्हा लोक पळत सुटायचे, आता आपले थिजून बसतात. एवढाच फरक.

हे काम कधी सोडू नकोस हो. माझी संध्याकाळ त्यावर आहे.

काय सांगायचं होतं ते लिही. उतरेल तसं उतरेल.

ताई

२८ जानेवारी

प्रिय ताईस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हातारीला माझ्याकडून माफी सांग. तिची चूक नाही. इथेही तेच चाललंय. न्हावी म्हणतो, "साहेब, वस्तरा गळ्यावर असेपर्यंत तोंड उघडू नका, माझा हात हलतो." फळवाला म्हणतो, "बोटाने दाखवा, बोलू नका, गिऱ्हाईक पळतं." परवा दवाखान्यात नंबर विचारला तर रांगेतल्या सगळ्यांनी मला पुढे जाऊ दिलं. सगळं हसत हसतच. पण हसून झालं की लोक दुसरीकडे बघतात.

तुला सांगायचं ते असं, की माझं मन या अजराईलवरून जरा उठलं आहे. मालिकेच्या पहिल्या पर्वात तो बरा होता. पांढरा झगा, कमी बोलणं, मान खाली. मृत्यूचा देवदूत जसा पुस्तकातून कानावर आला तसा. दुसऱ्या पर्वात त्याला काळा कोट घातला, गॉगल दिला, मोटारसायकल दिली आणि एका नर्सवर त्याचा जीव जडवला. कॉलेजच्या पोरांनी तसले कोट शिवून घेतले. आता तिसऱ्या पर्वात तो विनोदी झालाय. ओल्या फरशीवर घसरतो, आइस्क्रीम खाता खाता कुणाचा नंबर आहे ते विसरतो. पोरं त्याला अज्जू म्हणतात. दप्तरांवर अज्जू, पाण्याच्या बाटल्यांवर अज्जू. कापडी बाहुलीसुद्धा निघाली आहे, तिचं पोट दाबलं की मी बोलतो.

आपल्या प्रार्थनाघरातले म्हातारे गुरुजी सांगायचे ते तुला आठवतं का? माणूस घडवायचा म्हणून देवाने मूठभर माती आणायला दूत धाडले. जमीन रडली, म्हणाली, माझा लचका तोडू नका. तिघे जण दया येऊन रिकाम्या हातांनी परतले. चौथ्याने माती आणली. रडत आणली, पण आणली, कारण सांगितलं होतं. म्हणून प्राण नेण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. तो म्हणाला, देवा, लोक माझा तिरस्कार करतील. देव म्हणाला, ते तुझ्याकडे बघणारच नाहीत. ते तापाला दोष देतील, पडण्याला देतील, म्हातारपणाला देतील. तू त्यांना दिसणार नाहीस.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्या जमिनीचं वाईट वाटलं होतं. आता त्याचं वाटतं. घराघरांत जायचं आणि कुणी बघायचं नाही.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. पहिल्या पर्वात त्याला एवढंच वाक्य होतं: "चला, वेळ झाली." ते मला नुसतं बोलवेना. डबिंगच्या दिग्दर्शक बाईंना म्हटलं, पुढे एक जोडू का? त्या म्हणाल्या, ओठ जुळत असतील तर जोडा. मग मी म्हटलं, "घाबरू नका, मी आहे ना." ते वाक्य तुझं आहे. शाळेच्या वाटेवर ओढ्याचा साकव होता, त्याच्या दोन फळ्या गेलेल्या. मी मधोमध येऊन थांबायचो आणि तू मागून म्हणायचीस, "घाबरू नकोस, मी आहे ना." ओरडायची नाहीस. माझा हात तुझ्या हातात असल्यासारखं, हळू म्हणायचीस. लोक ज्याला घाबरतात तो आवाज माझा असेल, पण ती लकब तुझी.

बाकी पुढच्या पत्रात.

तुझा,
धाकटा

८ फेब्रुवारी

धाकट्या,
आशीर्वाद.

साकवाचं वाचून मी दिवसभर घरात फिरत होते. मला तर एवढंच आठवतं, की तू मधोमध थांबलास की माझी शाळा बुडायची आणि मार मी खायची. तुझ्या लेखी तिथे देवदूत आणि माझ्या लेखी छडी.

अज्जू विनोदी झाला म्हणून एवढं काय लावून घेतोस? लोकांना मरणाची भीती वाटते, मग ते त्याला फरशीवर पाडून हसतात. हसू देत. ज्याच्या घरात खरंच कुणी गेलंय तो तेवढ्या वेळापुरता स्वयंपाकघरात जाऊन बसतो. मीही तेच करते. पण तू बोलायला लागलास की परत येऊन बसते.

कालचा भाग तर फारच छान झाला. नावाड्याच्या आईला न्यायला तू आलास आणि ती म्हणाली, थांब, पोराचा भात झाकून ठेवते. तेव्हा तुझा आवाज कापरा झाला. मुद्दाम केलास की आतून आला? मला तर रडूच आलं. एवढ्या वर्षांत तुझा आवाज इतका कधी लागला नव्हता. तुझ्या बाईंना सांग, ताईने शाबासकी दिली म्हणून.

काम सोडायचं मनातही आणू नकोस.

ताई

१६ मार्च

प्रिय ताईस,

महिनाभर लिहिलं नाही. आजारी नव्हतो. लिहायला बसायचो आणि पहिल्या ओळीवर अडायचो.

नावाड्याच्या आईला न्यायला आला तो आवाज माझा नव्हता.

मी काम सोडून दोन महिने होऊन गेले. तुला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी सोडलं. तेच सांगायला फोन केला होता. त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो, कानांना हेडफोन लावला, समोरच्या लाकडी घोडीवर संवादांचा कागद होता. अजराईल एका बापाला सांगतो, "मला कुणी पाठवत नाही. मी कुणाचा नोकर नाही. मनात येईल त्याला नेतो." पडद्यावर त्याचे ओठ हलत होते आणि माझे हलेनात. बाई काचेपलीकडून म्हणाल्या, "अहो, पुन्हा घेऊ." पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मग मी हेडफोन काढून ठेवला.

ताई, त्याला घसरू दे, आइस्क्रीम खाऊ दे, मला चालेल. पण तो पाठवलेला आहे, यावरच तर सगळं उभं आहे. आपली आई गेली तेव्हा मला दुसरा आधार नव्हता. कुणाच्या तरी मनात आलं म्हणून ती गेली असं मी बोललो असतो, तर ते माझ्याच आवाजात माझ्याच कानांत राहिलं असतं.

माझ्या जागी एक तरुण मुलगा आला आहे. गुणी आहे, पण आवाज पातळ. शेजारच्या घरातून ऐकू येतो तेव्हा मलाही कळतं. न्हाव्याला कळलं. फळवाला म्हणाला, "साहेब, आता बोला, आता कुणी घाबरत नाही." त्या परक्या माणसांना कळलं आणि तू लिहितेस, इतका कधी लागला नव्हता.

आता बाईंचा निरोप आला आहे. प्रेक्षकांच्या तक्रारी येताहेत, परत या म्हणतात. मात्र ती वाक्यं टाळता येणार नाहीत, आता त्याचं सगळं बोलणं त्याच धर्तीवर लिहिलं आहे. महिनाअखेर काय ते कळवायचं आहे. आधी मी ठरवलं होतं, की जायचं. देवाची क्षमा मागायची आणि जायचं. कारण माझा आवाज जिथे रोज कुणी आपलेपणाने ऐकतं असं जगात एकच घर आहे. तुझी संध्याकाळ त्यावर आहे, असं तू लिहिलं होतंस.

म्हणून विचारतो, आणि खरं सांग. तू खरंच ऐकतेस का? की माझं मन राखायला लिहितेस? मी रागावणार नाही. पण तुझ्यासाठी तोंडातून ती वाक्यं काढायची, तर तू ऐकतेस एवढं तरी मला ठाऊक हवं.

तुझा,
धाकटा

२४ मार्च

धाकट्या,

तुझे काने या वेळी सरळ होते. म्हणजे फारच लागलंय.

मला ऐकू येत नाही. मागच्या थंडीत डावा कान गेला, या थंडीत उजवा. डॉक्टर म्हणाले, गिरणीच्या खडखडाटाने आधीच निम्मे गेले होते, उरलेले वयाने नेले. मशीन दिलं त्यांनी. त्यात नुसती शिट्टी वाजते. ते मी कपाटात ठेवलंय.

म्हातारी आली नव्हती, वाटीही पडली नव्हती. फोनचा दिवा लागला म्हणून उचलला. वाटलं, कानाशी घट्ट धरला तर काहीतरी येईल. काहीच आलं नाही. तूच असशील असं वाटत होतं. दुसरं कोण मला सकाळी फोन करतं?

टीव्हीसमोर मात्र रोज बसते, ते खोटं नाही. अजराईलचे ओठ हलायला लागले की टीव्हीच्या कडेवर, जिथून आवाज निघतो तिथे, तळवा ठेवते. हाताला घरघर लागते. मागाची दांडी हलायची तशी. मी म्हणायची, हा माझा धाकटा. नावाड्याच्या आईने भात झाकला तो दिसला, तिचं बोलणं मी मनानेच जोडलं, आणि तेव्हा ती घरघर बारीक झाली, म्हणून लिहिलं, कापरा झाला. आता तू म्हणतोस तो परका पोरगा होता. त्याच्यासाठी मी रडले. म्हटलं तर हसू येतं, म्हटलं तर नाही.

कागदावर उतरणार नाही म्हणून फोन केला होता, असं तू लिहिलंस, तेव्हाच मी खरं लिहायला हवं होतं. पण तुझ्याकडे दुसरं काय आहे रे? ना बायको ना पोरं. एक आवाज आहे. तू बोबडं बोलायचास तेव्हा तो सगळ्यांत आधी मी ऐकला. आता मलाच तो येत नाही, हे कसं लिहायचं? वाटलं, फोन बंद केला की पत्रांवर निभेल. पत्रात मी बहिरी दिसत नाही.

तर माझ्यासाठी ती वाक्यं बोलू नकोस. मला पोचणारच नाहीत. जायचं तर स्वतःसाठी जा, नाही तर जाऊ नकोस.

आणि लगेच धावत येऊ नकोस. येऊन काय करशील? मी बहिरी आणि तू मुलखाचा अबोल, दोघं भिंतीकडे बघत बसू. माझं काही अडत नाही. खालचा शिंपी भला आहे. त्याला काही विचारायचं असलं, तर चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवतो. दार वाजवून उपयोग नाही, हे आता जिन्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.

एक विचारते. मागच्या वर्षी दुकानातून ती अज्जूची बाहुली आणली होती. तिचं पोट दाबून ती जबड्याच्या हाडाशी धरली, की दातांपर्यंत काहीतरी पोचतं. ती तरी तूच आहेस ना?

ताई

२ एप्रिल, दुपार

ताई,

हे पत्र मी तुझ्या जिन्यावर बसून लिहितोय. पायरी गार आहे आणि पेन शिंप्याचं आहे.

सोमवारी बाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, "अहो, मालिकाच आहे. देवाला एवढं लागेल का?" मी म्हटलं, "देवाला नाही लागणार हो. मला लागेल." त्यांनी बराच वेळ चमच्याने चहा ढवळला. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखं 'मी आहे ना' त्याला जमत नाही. मी त्याला दहादा सांगितलं, हळू म्हण." मी त्या मुलाला भेटलो. साकव सांगितला, फळ्या सांगितल्या, मागून म्हणणारी मुलगी सांगितली. त्याने वाक्य म्हणून दाखवलं. आधीपेक्षा बरं म्हणाला. तू त्याच्यासाठी रडलीस, हेही सांगितलं. पोराचे डोळे भरले. त्यालाही कुणी ऐकून पत्र लिहिलेलं दिसत नाही.

मग खोलीची किल्ली मालकाला दिली. दोन पिशव्या भरल्या, कुकर एका पिशवीत आहे. तुझ्या गावच्या बसस्टँडवर उतरलो तर भोंग्यातून कोण काय बोलतंय ते कुणालाच कळत नव्हतं. उद्या तिथे जाऊन विचारीन, माणूस हवाय का. हवा असणार.

वर येऊन मी बेल दाबली. मग कडी वाजवली. मग, तू लिहिलं होतंस ते ठाऊक असूनही, "ताई" म्हणून हाक मारली. तुला ऐकू येणार नाही, हे पत्रात वाचणं वेगळं आणि बंद दाराशी उभं राहून कळणं वेगळं. आत पंखा फिरत होता. तुझी सावली दाराखालून एकदा गेली, एकदा आली. माझ्या हाकेने ती थांबली नाही. लोक म्हणतात या आवाजाने माणसं थिजतात. तू आपली तशीच आत निघून गेलीस.

शिंपी गळ्यात टेप अडकवून वर आला. म्हणाला, "त्यांना ऐकू येत नाही हो. चिठ्ठी सरकवा." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय." मी म्हटलं, बसस्टँडवर ऐकला असेल. तो पेन देऊन खाली गेला.

तर उत्तर असं. बाहुलीत मीच आहे. तिच्यात पहिल्या पर्वातलाच आवाज भरलाय, त्यात दोन्ही वाक्यं आहेत आणि दुसरं तुझं आहे. एवढे दिवस तू ते जबड्याशी धरून बसलीस आणि तुझंच वाक्य तुला पोचत होतं.

आपण भिंतीकडे बघत बसू, असं तू लिहिलंस. बसू. कंटाळा आला तर कागद आहे. टेबलाच्या एका बाजूला तू, एका बाजूला मी, टपालाचा खर्च नाही. संध्याकाळी तळवा टीव्हीवर ठेवायची गरज नाही. माझ्या पाठीवर ठेव, मी काहीबाही वाचून दाखवीन.

आता हा कागद घडी घालून दाराखालून सरकवतो. परक्या माणसाचा कागद बघून दचकू नकोस. दाराबाहेर कोण आलं असेल या विचाराने लोकांना इतकी वर्षं मीच घाबरवलं, म्हणून आधीच सांगतो. घाबरू नकोस, मी आहे. न्यायला नाही, राहायला आलोय.

दार उघड.

धाकटा